बायरॅड्स ४ म्हणजे चौथी स्टेज नव्हे

पत्र :

नमस्कार डॉक्टर,
माझं वय ४६. महिन्याभरापूर्वी अंघोळ करताना उजव्या स्तनात, काखेकडच्या बाजूला, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून थोडे दिवस गप्प बसले. मग डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय, ‘बायरॅड्स ४ए, बायोप्सी सुचवली आहे.’ चार म्हणजे शेवटची स्टेज ना? माहेरी-सासरी कुणालाच हा आजार नाही, मग मला कसा झाला? जाऊबाई म्हणतात, सुई लावू देऊ नकोस, टोचलं की पसरतं. नवरा म्हणतो, टोचाटोची कशाला, गाठच काढून टाकू. मुलीची परीक्षा दोन महिन्यांवर आहे, ती होईपर्यंत थांबले तर चालेल का? आईला अजून काही सांगितलेलं नाही. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.
– एक वाचक

उत्तर :

ताई, चार म्हणजे शेवटची स्टेज नाही. स्टेजशी या आकड्याचा काहीही संबंध नाही. कॅन्सर आहे हे सिद्ध झाल्यावर तो किती पसरलाय हे ठरवताना स्टेजची भाषा सुरू होते. तुमच्या बाबतीत कॅन्सर सिद्ध झालेला नाही. त्यामुळे ‘मला कसा झाला’ हा प्रश्नसुद्धा तूर्तास मागे घ्या.

बायरॅड्स ही मॅमोग्राफी (म्हणजे स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी वाचणाऱ्या डॉक्टरची अंदाजपट्टी आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने ती बनवली. ‘थोडं संशयास्पद वाटतं’ असं एका डॉक्टरने लिहिलं की दुसऱ्याने त्याचा भलताच अर्थ काढायचा, तो घोळ मिटवण्यासाठी. पट्टी ० पासून ६ पर्यंत आहे. १ आणि २ म्हणजे काळजीचं काही नाही. ३ म्हणजे बहुतेक साधंच आहे, शक्यता २ टक्क्यांच्या आत, म्हणून साधारण सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ४ म्हणजे फोटोवरून खात्री देता येत नाही, तुकडा काढून तपासावा लागेल, म्हणजेच बायोप्सी. हा चार फारच मोठा आहे, म्हणून त्याचे तीन भाग केलेत : ४ए मध्ये कॅन्सरची शक्यता २ ते १० टक्के, ४बी मध्ये १० ते ५०, ४सी मध्ये ५० ते ९५. त्याच्याही पुढे ५, म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त. ६ हा आकडा आधीच निदान झालेल्यांसाठी असतो.

तुम्ही ४ए मध्ये आहात. तुमच्यासारखा रिपोर्ट हातात असलेल्या शंभर जणी एका खोलीत बसवल्या, तर त्यातल्या किमान नव्वद जणींना कॅन्सर नसतो. मग बायोप्सी कशाला? कारण उरलेल्या कोण, हे नुसता फोटो बघून कुणालाच सांगता येत नाही. मी वर्षानुवर्षं हेच काम केलंय, मलाही येत नाही.

जाता जाता शून्याबद्दल सांगते, कारण त्याने चारापेक्षा जास्त गोंधळ होतो. बायरॅड्स ० म्हणजे शून्य धोका नव्हे. त्याचा अर्थ तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी, किंवा जुने फोटो बघितल्याशिवाय बोलता येणार नाही. शून्य बघून बायका निश्चिंत घरी जातात आणि पुढच्या वर्षी उगवतात. इकडे ४ए वाल्या रात्र रात्र जागतात.

आता सुईकडे वळते, कारण तुमच्या घरातला खरा तंटा तिथेच आहे.

जाऊबाईंची भीती अगदी हवेतून आलेली नाही. सुई जिथून जाते त्या वाटेवर कधी कधी काही पेशी सुटलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, हे डॉक्टरांनीच नोंदवून ठेवलंय. पण त्या पेशींनी पुढे मूळ धरलं, आजार पसरला आणि सुई न लावलेल्या बायकांपेक्षा या बायकांची गत वाईट झाली, असं दिसून आलेलं नाही. उलट, आत काय आहे हे आधी कळलं तर शस्त्रक्रिया पहिल्याच खेपेला नीट बेतता येते. हा फायदा अगदी ठोस आहे. जाऊबाईंच्या मनातून ही गोष्ट जाईल असं मला वाटत नाही आणि त्यांना पटवत बसायची तुम्हाला गरजही नाही.

यजमानांचं ‘काढूनच टाकू’ ऐकायला सरळ वाटतं, पण मला ते मान्य नाही. गाठ साधी निघाली तर शस्त्रक्रिया, भूल, व्रण हे सगळं फुकट. आणि कॅन्सर निघाला तर पंचाईत आणखी मोठी. कॅन्सरची गाठ काढताना तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भागही बरोबर काढायचा असतो, काखेतल्या गाठींची (लसिकाग्रंथींची) तपासणी ठरवायची असते, कधी आधी औषधं देऊन गाठ लहान करायची असते. काय आहे हे माहीत नसताना नुसती गाठ उचलली की यातलं काहीच होत नाही आणि बऱ्याचदा दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं.

एके काळी हे सगळं एकाच बैठकीत उरकायची रीत होती. बाईला भूल द्यायची, तुकडा काढायचा, तो लगेच तपासायचा आणि कॅन्सर दिसला तर तिथल्या तिथे स्तन काढून टाकायचा. स्तन राहिलाय की गेलाय, हे तिला शुद्धीवर आल्यावर कळायचं. १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची शस्त्रक्रिया अशीच झाली. त्याच वर्षी रोझ कुश्नर नावाच्या पत्रकार बाईला गाठ सापडली. आधी फक्त बायोप्सी करा, पुढचं मी ठरवीन, असं तिने सांगितलं, तर त्याला राजी होणारा सर्जन शोधताना तिची दमछाक झाली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने हे दोन टप्पे वेगळे ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. यजमानांना जी ‘टोचाटोची’ वाटतेय ती बायकांनी भांडून मिळवलेली सोय आहे, हे त्यांना जरूर वाचून दाखवा.

बायोप्सीच्या दिवशी काय होतं ते सविस्तर लिहिते, कारण निम्मी भीती न बघितलेल्या खोलीची असते. समोरून उघडणारे कपडे घाला. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती तारीख ठरवतानाच सांगा, मनाने बंद करू नका. बधिर करायच्या औषधाची पूर्वी कधी ॲलर्जी आली असेल तर तेही सांगा. गाठ सोनोग्राफीत दिसत असली की बायोप्सी बहुधा सोनोग्राफीखालीच करतात. तुम्हाला पाठीवर किंवा किंचित कुशीवर झोपवतील, उजवा हात डोक्यावर घ्यायला सांगतील. गार जेल लावून गाठ पुन्हा पडद्यावर शोधतील. मग जागा बधिर करण्याचं इंजेक्शन. ते टोचतं आणि काही सेकंद जळजळतं. बहुतेकींना सगळ्यात जास्त दुखतं ते एवढंच. त्वचेला काही मिलिमीटरची बारीक चीर देतात, टाका लागत नाही. तिथून सुई आत जाते आणि तुकडा कापताना स्टेपलर दाबल्यासारखा ‘खट्’ आवाज येतो. चांगले डॉक्टर तो आवाज आधी ऐकवतात. तुमच्या डॉक्टरांनी ऐकवला नाही तर ऐकवायला सांगा, म्हणजे दचकून हालचाल होत नाही. असा आवाज तीन-चार वेळा, कधी जास्त वेळा येतो, कारण एका तुकड्यावर भरवसा ठेवत नाहीत. दाब जाणवेल, ओढल्यासारखं वाटेल. दुखलं तर दात दाबून सोसू नका, बोला, आणखी औषध देता येतं.

तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातात. बाटलीवरचं तुमचं नाव आणि बाजू उजवी की डावी, हे स्वतः वाचा. कुणी हसलं तर हसू दे. कधी गाठीच्या जागी धातूची बारीकशी क्लिप सोडतात, नेमका कुठला भाग तपासला हे पुढे कळावं म्हणून. ती आत आहे हे तुम्हाला जाणवतसुद्धा नाही. मग दहाएक मिनिटं हाताने घट्ट दाबून धरतात, पट्टी लावतात आणि तुम्ही त्याच दिवशी घरी जाता. एक-दोन दिवस जड उचलू नका. काळं-निळं पडेल, पुढे पिवळं होईल, आठवड्या-दोन आठवड्यांत जाईल. रक्त थांबत नसेल, सूज झपाट्याने वाढत असेल किंवा ताप आला तर मात्र फोन करा.

एक गोष्ट तारीख घेतानाच विचारून घ्या : ‘कोअर बायोप्सी करणार की एफएनएसी?’ एफएनएसीत बारीक सुईने फक्त पेशी शोषून घेतात. पाण्याची गाठ रिकामी करायला किंवा काखेतली गाठ तपासायला ती उपयोगी पडते. पण कोअरमध्ये सलग तुकडा मिळतो, म्हणून पेशींची मांडणी दिसते. कॅन्सर असलाच तर तो दुधाच्या नळीच्या आतच आहे की बाहेर पडलाय, हे नुसत्या सुट्या पेशींवरून सांगता येत नाही. तुमच्यासारख्या गाठीला मी कोअरच करायला सांगेन.

दोन महिने थांबण्याबद्दल. चांगल्या ठिकाणची तारीख मिळायला एक-दोन आठवडे लागले तर त्याने बिघडत नाही. गाठ सापडली म्हणजे आजच्या आज धावलं पाहिजे असं नसतं. पण दोन महिने थांबायला काही कारण मला दिसत नाही. रिपोर्ट साधारण काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत येतो. बहुधा तो चांगला येईल आणि मुलीच्या परीक्षेच्या ऐन दिवसांत तुम्ही मोकळ्या असाल. थांबलात तर ते दोन महिने घरात सगळ्यांच्या डोक्यावर हेच टांगलेलं राहील, मुलीच्याही. आईची झोप उडालीय हे मुलींना कळतं. मधल्या काळात त्वचा लाल होऊन स्तन सुजला, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली, खळी पडली, स्तनाग्र आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्तासारखा स्राव आला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दाखवा.

घराण्यात कुणाला नाही, ही चांगलीच गोष्ट, पण तिच्यावर विसंबून बायोप्सी टाळू नका. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आईवडिलांकडून आलेल्या जनुकीय दोषामुळे होतात. ज्यांना हा आजार होतो त्यातल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच नसतो. आणि घराणं म्हणजे फक्त आईकडचं नव्हे. वडिलांच्या बाजूच्या आत्या, आजीसुद्धा धरायच्या. हे डॉक्टर विचारतील तेव्हा सांगायला माहिती गोळा करून ठेवा.

तुमच्या पत्रात नाही, पण याच विषयावर इतरही पत्रं येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी.

हाताला काही लागलेलं नाही, नेहमीची मॅमोग्राफी केली आणि पुन्हा बोलावलं, असं अनेकींचं होतं. अमेरिकेत शंभरातल्या साधारण दहा जणींना असं परत बोलावतात आणि त्या दहांमधल्या एकीलाही कॅन्सर असतोच असं नाही. पुष्कळदा फोटोत ऊतींच्या घड्या एकमेकींवर पडून गाठीसारखं काहीतरी दिसलेलं असतं, एकाच जागी दाब देऊन पुन्हा फोटो काढला की ते विरघळून जातं. जुने फोटो असतील तर घेऊन जा, नुसता रिपोर्टचा कागद नको. तीन वर्षांपूर्वीही तेच तसंच होतं हे दिसलं, की कधी कधी तिथेच विषय संपतो. फोटोत कॅल्शियमचे बारीक पांढरे ठिपके दिसले म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू नका, त्यांचा याच्याशी संबंध नाही. मोठे ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात. अगदी बारीक, एकाच जागी दाटीने जमलेले असतील तर बायोप्सी सांगतात आणि ती मॅमोग्राफीच्या यंत्राच्या मदतीने होते, कारण असे ठिपके सोनोग्राफीत बहुधा नीट दिसत नाहीत. तपासणीला जाताना काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, त्याचे कणही फोटोत तसेच दिसू शकतात. तिशीच्या आतल्या मुलींना गाठ लागली तर आधी सोनोग्राफीच करतात. त्यांना मॅमोग्राफी सांगितली नाही म्हणून डॉक्टरांवर शंका घेऊ नका.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते. हाताला गाठ लागतेय आणि मॅमोग्राफी स्वच्छ आली, म्हणून फाइल कपाटात गेली. मॅमोग्राफीतून साधारण आठातला एक कॅन्सर निसटतो, दाट स्तनांत त्याहून जास्त. दाट ऊती पांढऱ्या दिसतात, गाठही पांढरीच दिसते, वेगळी ओळखू येणार कशी? हाताला लागणाऱ्या गाठीचा जाब सोनोग्राफीने आणि गरज पडली तर सुईने दिला पाहिजे.

पुन्हा तुमच्याकडे येते. रिपोर्ट साधा आला, म्हणजे फायब्रोॲडेनोमा (एक निरुपद्रवी गाठ), चरबीची मृत गाठ, सूज असं काही लिहिलेलं असलं, तर हुश्श करा आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : ‘सोनोग्राफीत जे दिसलं होतं त्याच्याशी हा रिपोर्ट जुळतो का?’ फोटो एक सांगतो आणि तुकडा दुसरंच, असं झालं तर सुई गाठीच्या शेजारून गेली असण्याची शक्यता असते आणि बायोप्सी पुन्हा करावी लागते. चांगल्या ठिकाणी हा ताळा न विचारताच करतात. तरी विचारा.

मधलाही एक प्रकार असतो. ‘एटिपिकल’, म्हणजे पेशी नेहमीपेक्षा वेगळ्या दिसतात, असा शब्द रिपोर्टमध्ये असेल तर तो कॅन्सर नव्हे, पण पुढे होण्याचा धोका थोडा वाढलेला असतो. अशा वेळी तेवढा भाग काढायचा की लक्ष ठेवायचं, हे ठरवतात.

आणि दहातल्या त्या एकीत तुम्ही निघालात तर? त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (त्या नावाचं प्रथिन जास्त आहे का) या तपासण्या होतात, त्यांना आणखी काही दिवस लागतात. हर-टूचा निकाल मधोमध आला तर फिश नावाची आणखी एक तपासणी करतात. उपचार या निकालांवरून ठरतात, त्यामुळे ते येण्याआधी कुणी घाई करत असेल तर कारण विचारा. स्तन काढावाच लागतो असं नाही. इटलीतले उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेतले बर्नार्ड फिशर यांनी बायकांचा २० वर्षं पाठपुरावा करून २००२ मध्ये निकाल छापले. लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. याहून पुढचं आत्ता लिहीत नाही, तुम्हाला त्याची गरज पडणार नाही याकडेच पारडं झुकलेलं आहे.

आईला सांगायचं की नाही, हा वैद्यकीय प्रश्न नाही, तरी तुम्ही लिहिलंत म्हणून माझं मत. एका माणसाला सगळं सांगा, ज्याला ऐकून घेता येतं आणि लिहून घेता येतं. डॉक्टरसमोर बसल्यावर पहिल्या वाक्यानंतरचं बऱ्याच जणींना ऐकूच येत नाही, तेव्हा शेजारी वही घेऊन बसलेलं माणूस लागतं. ते माणूस आई नसेल तर निकाल लागेपर्यंत तिला सांगितलं नाहीत तरी चालेल. मुलीला मात्र साध्या शब्दांत सांगा, ‘एक गाठ आहे, बहुतेक साधी आहे, तपासून घेतेय.’ कपाटातल्या फाइलमधून तिला कळण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक ठरवून ठेवा. हल्ली रिपोर्ट थेट मोबाइलवर येतो, डॉक्टरांनी बघायच्या आधीच, आणि नेमका सुट्टीच्या आदल्या रात्री. त्यातल्या प्रत्येक शब्दावर रात्रभर शोधत बसण्याची तुमची तयारी नसेल, तर लॅबमध्ये नंबर यजमानांचा किंवा त्या वहीवाल्या माणसाचा द्या आणि डॉक्टरांची वेळ बायोप्सीच्या दिवशीच पक्की करून या.